मापात पाप नाही

हालगेंच्या डाळमिलमध्ये आता डाळ नाही,
तरी तुळयांवरून तुरीचा भुगा अजून झडतो.
इलाही मिस्त्रीनं स्टीलचा नवा एक्स्ट्रॅक्टर उभा केला
आणि पहिल्याच रात्री त्याच्या डोक्यावर पिवळी साय बसली.
"बसू द्या," तो म्हणाला, "जुन्या मालकाची सही हाय."
ऑडिटवाल्यांना हे सांगता येत नाही.
रोज सकाळी ओल्या फडक्यानं मी ती सही पुसते.

हैदराबादेत सात वर्षं
दुसऱ्यांच्या रिॲक्टरची तापमानं लिहिली.
लातूरला परतले तेव्हा भाऊ म्हणाला,
सदाफुली? ती तर कब्रस्तानाच्या कडेला,
पाण्याच्या टाकीखाली, स्टँडच्या मागं
कुणी न लावता उगवते.
शेळीसुद्धा तोंड लावत नाही तिला.
म्हणूनच, मी म्हणाले.
बँकेच्या साहेबांपुढं मात्र आकडे मांडले,
शेळीचं नाव काढलं नाही.

औशाकडच्या माळावरून तीन टेम्पो पाला आला,
वाळला, मग डाळीच्या जुन्या काट्यावर चढला.
नऊ क्विंटल.
काट्याच्या पट्टीवर हालगेआप्पांच्या हातची
रंगातली अक्षरं: मापात पाप नाही.
मग आम्लाचं पाणी, मग अमोनिया,
डोळ्यांतून धार,
मग टोल्युइन, मग काचेच्या कॉलममधून
थेंब,
थेंब,
वीज गेली की जनरेटर, टँकर आला तर चिलर,
आणि पहाटे तीनला पडद्यावर
जिथं शिखर उभं राहायला हवं
तिथं सपाट. नुसता बालाघाटाचा माळ.

दुसरी बॅचही तशीच.

सुभद्रा गवळे, पाला खुडणाऱ्या बायांची मुकादम.
हातमोज्यांत घाम येतो म्हणते.
न घालता खुडलं तर दोन दिवस भाकरी कडू लागते,
हेही तीच म्हणते.
शेडच्या दारात उभी राहिली,
पत्र्यावर पसरलेल्या पाल्याकडं बघत:
"उन्हात कशाला घालताव ओ म्याडम?
शेवग्याचा पाला कुणी उन्हात वाळवतंय का?
रंग गेला की जीव गेला."

पुस्तकात चाळीस अंश लिहिलं होतं.
एप्रिलमध्ये लातूरचा पत्रा किती तापतो
ते पुस्तकात नव्हतं.

तुरीची जुनी पोती उसवून मांडव घातला.
पाला हिरवाच वाळला,
मुठीत धरला की कुरकुरायचा.

तिसऱ्या बॅचला शिखर आलं.
बाभळीच्या काट्याएवढं,
पण आलं.
इलाही मिस्त्रीला बोलावून दाखवलं.
"इतनासा?" म्हणाला,
आणि चहा गार होईपर्यंत बघत राहिला.

नऊ क्विंटलमधून दोन ग्रॅमला थोडं कमी.
त्यासाठी दुसरा काटा, काचेच्या पेटीतला.
श्वासानं हलतो,
शेजारच्या मिलची मोटर सुरू झाली तरी हलतो.
म्हणून रविवारी मोजलं, शेजार बंद असताना.
पांढरी भुकटी, चमचाही भरेना.
कुठल्याशा वॉर्डात एखाद्या लेकराच्या शिरेत
यातला मिलिग्रॅमभर जाईल.
त्याचं नाव मला कळणार नाही,
आणि मोजताना मी ते मनात येऊ देत नाही.
हात हलून चालत नाही.

मागच्या आवारात चोथ्याचा डोंगर.
शेळ्या येतात, हुंगतात, जातात.

बॅच रेकॉर्डमध्ये शेवटी एक रकाना असतो:
प्रक्रियेतला बदल, संदर्भासह.
जर्नल, पान, वर्ष अपेक्षित असतं.
मी लिहिलं: सावली.
संदर्भ: सुभद्रा गवळे, शेडचं दार, दुपारचे दोन.

ऑडिटवाले लाल शाईनं गोल करतील.
करू द्या.
नियम त्यांचाच आहे,
नोंद खोडायची तर एकाच रेघेनं,
खालचं नाव
वाचता आलं पाहिजे.