शेवटच्या नावाखाली

फॅरो बेटांवरच्या एका गावात, धक्क्याच्या टोकाला
बुडालेल्यांचा दगड उभा राहायचा होता.
पाथरवट हानुसनं एवढंच विचारलं :
शेवटच्या नावाखाली जागा किती सोडू?

कुणी बोललं नाही.
सोडावी, तर समुद्राला आवतण.
न सोडावी, तर तो काय
आपल्याला विचारून येतो?

मार्युन उठली.
तिचे दोघे यादीत,
तिसरा त्याही रात्री बोटीवर.
म्हणाली, माझी पाठ टेकेल एवढी सोड.
मी बसेन तिथं.

अजून बसते.
थर्मास, लोकर, सुया.
पर्यटक फोटोसाठी
जरा बाजूला व्हा म्हणतात.
ती टाके मोजत असते,
ऐकू आलं नाही असं दाखवते.
दगडाचा तेवढाच भाग
शेवाळलेला नाही.