राख, साडेसात टक्के

दोना देओलिंदा दुकानात येते ती भिंग घेऊनच.
नवऱ्याचं ते. तो घड्याळं दुरुस्त करायचा.
आता ती त्यातून पोत्यांच्या पाठी वाचते,
ओठ हलवत, बोट सरकवत,
नापास पोराचं प्रगतिपुस्तक वाचावं तशी.

"तृणधान्यं. कुठली?"
"तृणधान्यं," मी म्हणतो.
"मांस व प्राणिजन्य पदार्थ. कुठला प्राणी?"
मी गल्ल्याकडे बघतो.
"त्याला काही नाव होतं का, आमादेऊ, एवढंच विचारते."
पोत्याच्या दर्शनी बाजूला हिरवंगार कुरण
आणि जन्मात कधी खरूज न झालेला कुत्रा.

तिचा फारुश्कू तसा नाही.
बंदरावरचा, दीड कानाचा;
गेल्या उन्हाळ्यात खाजवून खाजवून त्यानं
पोटाचं पार भरताड केलं.
आणि मांजर, तिचं नाव ऑलिव्ह,
कोरडे दाणे खाऊन खाऊन पाणीच विसरलेली,
वाडग्याकडे अशी बघायची
जशी आमची माणसं समुद्राकडे बघतात
बोटी बंद असतात त्या महिन्यात.

मग देओलिंदानं चूल मनावर घेतली.
पहाटे मासळीबाजार: झुल्मिराकडून बांगड्याचे तुकडे,
खाटकाकडून कोंबडीची काळजं,
परसातला लाल भोपळा, मूठभर तांदूळ.
पहिल्या दिवशी तिनं माणसांसारखं रांधलं,
कांदा परतून, लसूण ठेचून, तमालपत्र, सढळ तेल.
वासानं अख्खी गल्ली जेवून उठली.
फारुश्कू रात्रभर ओकला.

डॉक्टरीण तरुण होती, तिनं आवाज चढवला नाही.
कांदा त्यांना विष आहे, म्हणाली,
रक्त पातळ होतं. लसूणही नको. शिजलेलं हाड तर नकोच.
नुसतं घरचं म्हणजे चांगलं, असं नसतं.
मांजरीचं वेगळं, कुत्र्याचं वेगळं,
लिहून देते, मोजून घाला.

देओलिंदानं ते स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं लिहिलं.
गॅसची नळी बदलायला गेलो तेव्हा मी पाहिलं:
कांदा नाही. लसूण नाही. द्राक्षं नाहीत. मीठ नाही.
आणि वर, जुन्या खडूत, जवळजवळ पुसलेलं,
दुसऱ्याच अक्षरात: मीठ कमी. डॉ. सेराफिम.
मी वाचतोय हे तिनं पाहिलं.
"तो मागायचा," ती म्हणाली,
"मी चिमूटभर घालायचे. चोरून.
सूप अळणी असलं की त्याचं तोंड इतकंसं व्हायचं."
मग तिनं कढईवरचं झाकण काढलं, काळजं उलथली,
बरणीकडे हात गेला,
आणि रिकामाच परत आला.

मालक म्हणतात, मोठं पोतं खपव, वीस टक्के सूट सांग.
काल ती आली, दोन पोती वाचली,
शेवटी ऑलिव्हसाठी एक कंगवा घेतला.
भोपळ्यावर हल्ली मांजर खूश आहे, म्हणाली,
म्हणजे नाक मुरडते, पण चाटते.
फारुश्कूच्या पोटावर लव आली आहे, विरळ,
पेरणीनंतर आठवड्यानं शेत दिसतं तशी.

जाताना भिंग विसरली. की ठेवून गेली, कोण जाणे.

घरी माझा पिराता दारात उभा,
शेपटीनं चपलांचा ढीग झाडत.
त्याचं पोतं मला कामगारांच्या दरात मिळतं.
मी फरशीवर बसलो, भिंग लावलं.
तृणधान्यं. तेलं व चरबी. रंग.
खाली, मुंगीएवढ्या अक्षरात:
राख, साडेसात टक्के.
जाळल्यावर उरतात ते क्षार, मला ठाऊक आहे,
गिऱ्हाइकांना मीच समजावतो.
तरी बसून राहिलो.

पिरातानं भिंग हुंगलं, चाटलं,
काचेपलीकडे त्याचा डोळा
केवढातरी मोठा, तपकिरी.
त्यात प्रश्न नव्हता. भूक होती.
झुल्मिरा किती वाजता दुकान उघडते,
हे मला विचारावं लागणार.