खालून दुसरं पेर

कमरेला पट्टा बांधला, त्यात कसलेसे सेन्सर.
पडद्यावर माझाच कणा उभा राहिला,
सोललेल्या उसासारखा, पेरापेरांचा.

शिकवणारा पोरगाच, गडहिंग्लजकडचा.
म्हणाला, ‘सिस्टर, पेशंट कुशीवर घ्या.’
खाटेवर रबरी बाहुला, ब्याण्णव किलोचा.
कण्हत नाही, लाजत नाही,
‘पोरी, जरा दमानं’ म्हणत नाही.

मी वाकले.
सव्वीस वर्षं वाकतेय तशीच.
खालून दुसरं पेर लालभडक, यंत्राची बोंब.
मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

ते पेर माझ्या ओळखीचं आहे.
पुराच्या साली, तळमजल्यात पाणी, लिफ्ट बंद,
वडणग्याचे दत्तूअण्णा दोन जिने वर;
मी, शेवंताआया आणि एक चादर.
तेव्हा काहीच वाजलं नव्हतं.
आत कट्ट झालं, एवढंच.

मग तबस्सुम मुजावर आली.
पाय फाकवले, गुडघे मोडले,
सरकती चादर घातली, जोडीदारणीला हाक दिली,
एक, दोन...
पेरं सगळी हिरवीगार.

अगं, हे तर आमच्या गुऱ्हाळावरचं!
बाबा गुळव्या. काहील उलथताना
एकट्यानं हात घातलेला खपायचा नाही त्यांना.
आधी हाळी, मग हात.
मी मात्र हाळी कधी दिलीच नाही.
रात्रपाळीला द्यायची तरी कुणाला?

‘परत लाव रे,’ म्हटलं पोराला.
‘तबस्सुम, ये, धर तिकडून.’
गुडघ्यात बसले, बाहुल्याच्या कानाशी गेले:
‘अण्णा, कुशीवर घेतोय हं तुम्हाला.’

पडद्यावर त्याला रंग नव्हता.