झाड क्रमांक चारशे सतरा

नियामेच्या कचेरीत, पंख्याखाली,
दोन महिने मी झाडं मोजत होतो.
झाड म्हणजे एक ठिपका आणि त्याला चिकटलेली सावली.
सावली नसेल तर झाड नाही, असा आमचा नियम.

मग कागदाची गुंडाळी घेऊन गेलो दान कुर्मीला,
मोटरसायकलवर, दातांत वाळू.

देलू म्हातारीनं नकाशा उलटा फिरवला.
उत्तर वर असते, म्हटलं.
"माझं दार तिकडं उघडतं,"
आणि कागद तसाच राहिला.

"हे लाल काय? रान पेटलंय?"
नाही, हिरवं आम्ही लाल दाखवतो.
तिनं सुनेकडं पाहिलं, हबसूकडं.
शिकलेल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून
दोघी गप्प राहिल्या.

जुनं चित्र काढलं, पंचाहत्तर सालचं.
एका चौकोनात अख्खं घर, विहीर, शेजाऱ्याशी भांडणाचा बांध
सगळं मावलेलं, आणि काहीच न दिसणारं.
उजाड, मी म्हणालो. अहवालात तोच शब्द आहे.
देलूनं बोट ठेवलं, नखात माती:
"इथं होता तो. जमिनीखाली, नुसती मुळं.
दर पेरणीला आम्ही कोंब छाटायचो,
दर पेरणीला तो हजर.
एका वर्षी मी कुदळ जरा वळवून घेतली.
गाओचं झाड ते, उफराट्या डोक्याचं.
सगळे हिरवे तेव्हा हा उघडा,
सगळे वाळले की याला पालवी."

मला हे ठाऊक होतं.
म्हणून तर आमची चित्रं फेब्रुवारीची.
तरी ऐकत राहिलो.

"किती वाजताचं हे?"
साडेदहा.
"मग मी आहे यात. साडेदहाला मी शेंगा वेचते, बुंध्याशी."
मी भिंग दिलं.
ती बराच वेळ स्वतःला शोधत होती सावलीत.

तेवढ्यात हबसू वाकली, टिचकी मारली
बरोब्बर चारशे सतरावर:
"हे कुठलं झाड? हे आमचं कोठार.
गवताचं छप्पर, वरून गोल दिसत असेल."
उठून गेलो, आत डोकावलो.
कणसं गळ्यापर्यंत.
"राहू दे की झाड," देलू मागून म्हणाली,
"त्याच्याच खालचं आहे सगळं."

रात्री कंदिलाशी दुरुस्तीचा तक्ता भरला.
चारशे सतरा खोडलं.
कारणाचा रकाना अरुंद, एकच शब्द मावतो.
लिहिलं: बाजरी.