पाटावरचा डेक

बाबांनी पुठ्ठ्याच्या स्कूटर कापल्यात.
एकोणचाळीस. प्रमाणात. आरशांसकट.
आईच्या जेवणाच्या पाटावर खडूनं सोसायटीचं आवार:
हा पाण्याचा पंप, ही मीटरची खोली,
हे नारळाचं झाड, ज्याच्याखाली कुणीच लावत नाही.

जहाजावर असंच एक टेबल होतं,
त्यावर विमानांचे चपटे तुकडे.
तुकड्यावर नट ठेवला तर बिघाड,
वॉशर ठेवला तर तेल भरायचंय.
इथे तुरीचा दाणा म्हणजे चावी शेजाऱ्यांकडे,
राजमा म्हणजे मालक मस्कतला.

सोळा वर्षं नौदलात, आणि एकही विमान उडवलं नाही.
सरकवली.
पंख वर दुमडून, नमस्कार अर्ध्यात थांबल्यासारखे.
हेलिकॉप्टरची पाती मागे घेऊन, वेणी घालतात तशी,
शेपूट मोडून कुशीला.
एकाचं तर नाकच बाजूला वळायचं,
लिफ्टमध्ये मावावं म्हणून.
तरी जागा पुरली नाही की
शेपट्या कठड्याबाहेर,
चाकं डेकवर आणि मागचं सगळं पाण्यावर.
"समुद्राला कोण भाडं देतंय?"

आणि पंख उघडले की आधी खीळ बघायची.
बसली? बसली.
मग दुसरी.
न बघता एकजण निघाला होता म्हणे,
कुठल्या देशाचा ते दरवेळी बदलतं.

आमचं घर कोपरखैरण्यात, सिडकोचं, पंचवीस मीटर.
सायकल छताला. इस्त्रीचं टेबल दारामागे.
माझी खाट दिवसा भिंत असते.
ताईच्या लग्नात रुखवताचे डबे
खिडकीच्या जाळीत, बाहेर लोंबकळत,
खाली सेक्टर सहाचा रस्ता.

काल चौथ्या मजल्यावरच्या तांडेलकाकू आल्या.
म्हणाल्या, ह्यांची बुलेट काढून टाका आता,
दोन वर्षं उभी आहे, मीटिंगमध्ये लोक बोलतात.
बाबा पाटाकडे बघत राहिले.
जहाजावरही असायचं एक, अगदी आतल्या कोपऱ्यात,
त्याचे भाग काढून काढून बाकीची उडायची.
भंगार म्हटलं की चीफ चिडायचा.
हे त्यांनी काकूंना सांगितलं नाही.
म्हणाले, "हँडल डावीकडे वळवलं तर साडेसात इंच सुटतात."
खाली गेले, मी टॉर्च धरला.
हँडल वळवलं. आरसे आत घेतले.
टाकीवरची धूळ मात्र पुसली नाही,
ती त्यांच्या खात्यात येत नाही.
वर येऊन पुठ्ठ्याची बुलेट
बोटानं भिंतीला टेकवली.

रात्री ते कुशीवर झोपतात,
गुडघे पोटाशी, हात छातीवर घडी करून.
आई गेली त्याला आता तिसरं वर्ष,
गादी अख्खी त्यांचीच आहे.
डावीकडची चादर सकाळी तशीच असते, इस्त्रीची.

साडेचारला दूधवाल्याची गाडी येते.
ते उठून बसतात, उजवा हात उघडतात,
खांद्यात कट्‌ वाजतं.
थांबतात.
मग डावा.