सुकती

ट्रंकेत धोंडे होते.
अकरा. मीच मोजले होते,
मोर्व्याच्या किनाऱ्यावरून उचलून गोणपाटात गुंडाळलेले,
आणि वहीत लिहिलं होतं : सीन एक्केचाळीस, ट्रंक,
डावीकडची कडी सैल.
माझं कामच ते. कुठल्या शॉटला किती बटणं उघडी,
चिखल घोट्यापर्यंत की पोटरीपर्यंत,
घड्याळ कोणत्या मनगटावर.

शर्वाणीबाई म्हणायच्या, लपवायचं काहीच नाही.
कडी सैल आहे, दाखवून टाका.
पलीकडच्या धक्क्यावर हवालदार बिडी पेटवतोय,
दाखवून टाका.
खाडीचं पाणी उतरतंय.
एवढं सगळं सांगून झालं
की मग माणसाला वाट बघत बसवता येतं.
न सांगता घाबरवायचं म्हणजे दाराआडून भॉ करायचं,
ते काय, शेंबडं पोरही करतं.

आणि चप्पल.
पटकथेत चप्पल नव्हती. आदल्या रात्री
बाईंनी ती गाळात टाकली.
खून करून आलेला माणूस, ट्रंक होडीत चढलेली,
आणि त्याची डावी चप्पल मागे रुतून राहते.
तो सोडून जात नाही. परत फिरतो,
कोपरापर्यंत हात घालून चाचपत राहतो.
बाई म्हणाल्या, बघशील तू,
एका चपलेचा माणूस खुनी वाटत नाही.

होडी धाकू तारीची, दिवसाच्या भाड्याने.
कांदळाच्या सावलीत उकिडवा बसून
त्याने मला सकाळीच विचारलं होतं,
ट्रंकेत कोण हा?
मेहुणा, मी म्हटलं.
सगळो?
सगळा.
तो बाजूला थुंकला. मेल्याक फाशी व्हयी.

तिसऱ्या टेकला होडी खरंच अडकली.
सुकती काही ॲक्शन म्हटल्यावर सुरू होत नाही,
कट म्हटल्यावर थांबतही नाही.
गजेंद्र ढकलतोय, मानेच्या शिरा खऱ्या,
एक पाय अनवाणी, बगलेत चिखलाने भरलेली चप्पल,
अकरा धोंडे जागचे हलत नाहीत,
पलीकडे बिडीचा ठिपका.
कुणी कट म्हणेना.
खुबे काढणाऱ्या बायका वाकल्या होत्या तशाच थांबल्या.
लाइटवाल्याच्या हातात चहाचा कप, तिरका,
चहा त्याच्या पायावर सांडत होता.

आणि धाकू उठला.
पंचा खोचला, सरळ फ्रेममध्ये शिरला,
होडीच्या मागच्या फळीला खांदा लावून ओरडला,
खून केलंस ता केलंस,
पन सुकतीक होडी कित्याक घातलंस रे!
होडी सुटली.

सीन वाया गेला. पाणी गेलं, उजेड गेला,
निर्माता फोनवर कुणाच्या तरी आईवर घसरला.
बाई काहीच बोलल्या नाहीत.
वेळ किती झाली, एवढंच विचारलं.
मी वहीत लिहिलं : चार सतरा.

नंतर धाकू पाय धूत होता तेव्हा मी म्हटलं,
तुम्ही तर फाशी म्हणत होतात.
त्याने नखातला गाळ काढला, बराच वेळ काढला.
माका काय ठावक, म्हणाला.
त्येची चप्पल रवलेली मां.

एडिटिंगला त्याचा खांदा कापला, आवाज कापला.
हिसका तेवढा ठेवला.

कणकवलीत लागला तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसलो
आणि पडद्याकडे बघितलंच नाही.
पाठी बघत होतो.
कडी. बिडी. चप्पल.
ओळीने खांदे थोडे पुढे झुकले,
आठव्या रांगेतला टकला तर खुर्चीवरून अर्धा उठलाच,
आणि होडी सुटली.
कुणी ढकलली, ते पडद्यावर दिसत नाही.

शेजारच्या बाईने श्वास सोडला.
मग अंधारात, पायानेच,
खुर्चीखाली आपली चप्पल चाचपली.