हातचे तीन

चाळीस मिनिटांचा सामना,
बास्केटखाली उंच माणसांच्या जागा दोन.
म्हणजे ऐंशी मिनिटं. एवढीच माझी इस्टेट,
आणि वाटेकरी चार.

रविवारी रात्री स्वयंपाकघरात मी वाटणीला बसतो.
पेन्सिल, खोडरबर, काळ्या पावाचा तुकडा.
बाहेर शिर्वेना तलाव गोठलेला,
त्याला भोक पाडून कुणीतरी मासे धरत बसलंय
कंदील लावून. त्याचं बरं आहे.

एइमूतिस, वय एकोणीस, दोनशे चौदा सेंटिमीटर,
अजून वाढतोय.
त्याची आई फोन करते, पोरगं जेवतं का?
जेवतं, बाई. चेंडू सोडून सगळं त्याच्या हातात राहतं.
ताउत्रिमास वीसचा. उडी अशी की छतानं अंग चोरावं.
पण कधी उडायचं ते समोरचा ठरवतो:
नुसती खांद्याची हूल,
आणि हा हवेत, एकटाच,
लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरलेल्या माणसासारखा.

स्तानिस्लोवास चौतीस. तो आता तोंडानं खेळतो.
डावीकडे! मागे बघ! अरे, मागे म्हणजे मागे!

आणि गेडविदास. सदतीस.
आमच्या बिरझाईखालचं जिप्सम विरघळत असतं,
एखाद्या सकाळी कुणाच्या परसातलं सफरचंदाचं झाड
अख्खं जमिनीत गेलेलं दिसतं.
त्याच्या डाव्या गुडघ्याचं तसंच आहे.
वरून गवत हिरवं.
पट्टी बांधताना दानुओले त्यावर तळवा ठेवते, थांबते,
मला दहा बोटं दाखवते, मग आणखी दोन.

बेकरीवाले मालक म्हणतात, पोरांना खेळवा.
वसंतात बाहेरचे लोक बघायला येतील,
एक जरी विकला गेला तरी हॉलचं छप्पर गळायचं थांबेल.
तिसऱ्या रांगेतल्या बायका म्हणतात,
गेडविदासला बसवलंत तर आम्ही उठू.
मी दोघांनाही हो म्हणतो.
चौदातले अकरा हरलोय, माझ्या होला किंमत ती काय.

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, खरं आहे.
पण माझं हातचं लंगडतंय
आणि पळतं अजून रस्ता विचारतंय.

गेल्या आठवड्यात गेडविदासला बाजूला घेतलं,
म्हटलं, चार मिनिटं सोड पोरासाठी.
म्हणाला, सोडलेली मिनिटं त्याला पचणार नाहीत.
आणि पुढच्याच चेंडूला कोपर घातलं.
एइमूतिसचा ओठ फुटला.
बर्फ लावून तो भिंतीकडे तोंड करून बसला.
दुसऱ्या दिवशी त्याच जागी
पाठ लावून त्यानं गडी दोन पावलं मागं रेटला
आणि रिंगखालून चेंडू टाकला.
आत गेला नाही.
तरी गेडविदास हसला, या मोसमात पहिल्यांदा,
आणि पोराचं चुकलेलं पाऊल दाखवायला
जमिनीवर बसला. उठायला वेळ लागला.
पोरानं हात पुढे केला नाही. बरं केलं.

काल पुन्हा हरलो. चार गुणांनी.
बसमध्ये या पोरांचे पाय मावत नाहीत,
दोघं मधल्या वाटेत आडवे, जॅकेटं उशाला.
पास्वालीसच्या पुढे पेट्रोलपंपावर थांबलो.
गेडविदास कॉफीसाठी उठला.
शेवटच्या क्वार्टरमध्ये जो वाकला नव्हता
तो गुडघा त्यानं दोन्ही हातांनी उचलला,
एका पोराच्या छातीवरून पलीकडे ठेवला,
मग दुसऱ्याच्या.
कुणी जागं झालं नाही.

आता पुन्हा मांडतो.
एइमूतिस एकोणीस. नको, एकवीस.
ताउत्रिमास बावीस, स्तानिस्लोवास चोवीस.
गेडविदास बारा.
पण शेवटची चार त्याच्याशिवाय कुणाला द्यायची? सोळा.
बेरीज त्र्याऐंशी.

घड्याळात ही तीन मिनिटं नाहीत.
खोडरबर उचलतो.
तलावावरचा कंदील अजून तिथेच,
त्या माणसाला काही लागलं की नाही कुणास ठाऊक.
खोडत नाही.
तीन हातचे ठेवतो.